पळस, बहावा आणि पायातले बूट

(महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालकांसमोर फाल्गुनात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

होळी जवळ आली की आम्हा बूटविक्रेत्यांकडे कंपन्यांच्या ‘स्प्रिंग’ मालाची खोकी येऊन पडतात. खोकं उघडलं की दरवर्षी साधारण तेच रंग आत असतात : फिका पुदिना, पीच, लव्हेंडर, आकाशीच्याही अलीकडचा निळा, लोणी-पिवळा. रंग सुंदर असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हेच बूट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक महिन्याभरानं भेटलं की म्हणतं, ‘दुकानात जसे दिसत होते तसे बाहेर दिसत नाहीत हो.’ त्याचं म्हणणं अगदी खरं असतं. आजचा माझा विषय तिथूनच सुरू होतो. आपल्या वसंतासाठी रंगीत स्नीकर्स घ्यायचे असतील, तर रंग आपल्याच वसंतातून निवडावा, कॅटलॉगमधून नव्हे.

हे फिके रंग मुळात जिथून आले तिथे ते बरोबरच आहेत. युरोपात, उत्तर अमेरिकेत, जपानात चार महिने सगळं करडं असतं. बर्फ विरघळतं, ओल्या मातीतून क्रोकस डोकं वर काढतो, डॅफोडिल उमलतात, चेरीला फिका गुलाबी बहर येतो. सूर्य तिरपा, ऊन मऊ. लंडनमध्ये ऐन जूनमध्येसुद्धा सूर्य डोक्यावर येत नाही. त्या प्रकाशात हलकासा जांभळासुद्धा नीट उठून दिसतो. काळे जाडजूड हिवाळी बूट कपाटात टाकून तिथला माणूस पीच रंगाचे बूट घालतो, ते अगदी रास्तच.

आता आपल्याकडे बघा. घाटात जा, विदर्भात जा, नाहीतर कोकणात उतरा. फाल्गुनात पानं गळून गेलेल्या पळसावर शेंदरी फुलं पेटलेली असतात. काटेसावर लाल, पांगारा लाल. पिंपळाची आणि आंब्याची कोवळी पालवीसुद्धा आधी तांबूस येते, हिरवी नंतर होते. चैत्र-वैशाखात बहाव्याचे पिवळे घोस लटकतात, ताम्हण जांभळी फुलते. आपलं राज्यपुष्पच आहे ती. शेवटी गुलमोहर. तो मूळचा मादागास्करचा, पण त्याला परका म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. यातला एकही रंग फिका नाही. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात ठिकठिकाणी शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य अगदी नव्वद अंशांवर. अशा उन्हात फिक्या रंगाचं आणि पांढऱ्याचं अंतर डोळ्याला जाणवेनासं होतं. पुदिना पांढरा दिसतो, लोणी-पिवळाही पांढराच दिसतो. मग दोन आठवड्यांत त्यावर धूळ बसते आणि तो पांढराही राहत नाही.

धुळीचा विचार आपण बूट घेताना करतच नाही, आणि तो आधी करायला हवा. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या धुळीत पांढरा कॅनव्हास गुलाबट होतो आणि तो डाग सहज जात नाही. तिथे विटकरी, शेंदरी, गडद मोहरी हे रंग महिनोन्‌महिने ताजे दिसतात. देशावर, विशेषतः जिथे सगळीकडे बांधकामं चाललेली आहेत अशा शहरांत, धूळ राखाडी असते. ती काळ्या आणि गडद निळ्यावर सगळ्यात आधी दिसते. हळदी पिवळ्यावर फार कमी दिसते. तुमच्या रोजच्या रस्त्यावरची माती कोणत्या रंगाची आहे, हे माहीत असलं की निम्मी निवड झाली.

ज्येष्ठ मंडळी समोर आहेत म्हणून थोडं मागे जातो. रंगीत बूट ही चैन आहे, असं आपल्या पिढीला का वाटतं? कारण आपल्या पायात पहिला कॅनव्हासचा बूट आला तो पी.टी.चा, पांढराशुभ्र. शुक्रवारी रात्री तो धुवायचा, ओला असतानाच खडू किंवा पांढरं पॉलिश लावायचं आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत घालायचा. बूट मळला तर छडी. म्हणजे कॅनव्हासचा बूट आणि शिस्त या दोन गोष्टी आपल्या मनात एकत्रच शिवल्या गेल्या. बाहेरही फार वेगळं नव्हतं. कॉन्व्हर्स या अमेरिकी कंपनीचा ‘ऑल स्टार’ हा कॅनव्हासचा बूट 1917 सालचा, पण साठच्या दशकापर्यंत तो मुख्यतः काळा नाहीतर पांढराच मिळे. 1966 साली कॅलिफोर्नियात अनाहाइमला व्हॅन्स या बूटकंपनीचं दुकान उघडलं. तिथे बूट मागेच कारखान्यात तयार व्हायचे, त्यामुळे गिऱ्हाईक आपलं कापड घेऊन आलं तर त्या कापडाचे बूट शिवून मिळत. हवा तो गुलाबी, हवा तो पिवळा. मला ही गोष्ट फार आवडते. रंग कोणता ते गिऱ्हाईक ठरवतंय, कंपनी नाही.

आणि रंगाला अडवणारे कमी नव्हते. पांढऱ्याच पोशाखाचा आग्रह धरणाऱ्या विम्बल्डन टेनिस स्पर्धेत 2013 साली खेळाडू रॉजर फेडररच्या बुटांचा फक्त तळ नारिंगी होता, तर पुढच्या सामन्याला ते बूट चालणार नाहीत असं त्याला सांगण्यात आलं. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्ये बुटांच्या रंगावरची बंधनं पूर्णपणे उठली ती 2018-19च्या हंगामात, म्हणजे कालपरवा. त्यामुळे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून अजूनही काळेच बूट घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. एवढंच सांगतो की रोजच्या वापरात आता अडवायला कुणी उरलेलं नाही.

आता खरेदीकडे येऊ. दुकानात रंग आवडला की जोडी उचला आणि दाराबाहेर उन्हात या. दुकानदाराला विचारा, कुणी नाही म्हणत नाही. आमच्या दिव्यांखाली एक रंग दिसतो आणि उन्हात वेगळाच, हे कापडवाल्यांनाही माहीत असतं. साडी घेताना तुम्ही दारापर्यंत जाताच ना? बाहेर आलात की डावा आणि उजवा शेजारी धरा. कापड किंवा चामडं कापताना दोन बुटांचे तुकडे ताग्याच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले असू शकतात. गडद लाल, जांभळा, हिरवा यांत छटेचा फरक लगेच दिसतो. दिसला तर दुसरी जोडी मागा.

मग खिशातला पांढरा रुमाल काढा, कोपरा किंचित ओला करा आणि बुटाच्या आतल्या अस्तरावर, नाडीखालच्या जिभेवर, टाचेच्या आतल्या बाजूला दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला, तर तो उद्या मोज्यालाही लागणार आणि घाम आला की पायालाही. याच्या उलटही घडतं. नवी कोरी गडद जीन्स घातलीत, तर तिचा निळा फिक्या बुटाच्या वरच्या काठावर उतरतो, आणि तो निळा काढणं महाकर्मकठीण. म्हणून फिके बूट घ्यायचेच असतील तर धुवून धुवून मुरलेल्या जीन्सवर घाला.

यापुढचं सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो. एकरंगी बूट, म्हणजे डोक्यापासून तळापर्यंत एकच लाल, दुकानात सगळ्यात देखणे दिसतात. पण तो लाल एक नसतो. वरचं कापड सुती, त्याचा रंग वेगळ्या जातीचा. शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा, त्याचा रंग वेगळ्या जातीचा. नाडी कधी सुती, कधी नायलॉनची. कडेची रबरी पट्टी आणखी वेगळी, आणि स्वेडचा, म्हणजे मखमली पोताच्या चामड्याचा, तुकडा असेल तर तो निराळाच. कारखान्यात हे पाचही लाल एकमेकांशी जुळवलेले असतात, पण उन्हात ते आपापल्या वेगानं विटतात. दोन महिन्यांत कापड गुलाबट, दोरा तसाच लालभडक, पट्टी मळकट. चांगला बूट उगाच जुनाट दिसायला लागतो. म्हणून माझा आग्रह असा की अंगाचा रंग एक ठसठशीत असावा आणि तळ, नाडी, टाचेचा तुकडा मुद्दाम वेगळा. पैठणीत अंग आणि काठ एकमेकांविरुद्ध असतात, म्हणून दोन्ही खुलतात. बुटाचंही तसंच करा. पिवळ्या अंगाला काळी टाच, शेंदरीला पांढरा तळ, जांभळ्याला हिरवी नाडी. नाडी बदलायला तर शंभर रुपयेही लागत नाहीत.

निऑन रंगांचं काय, असं तरुण मुलं हमखास विचारतात. 2012च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शेकडो खेळाडूंच्या पायांत नायकेचे पिवळट-हिरवे निऑन बूट होते. भर उजेडात माणसाचा डोळा साधारण 555 नॅनोमीटरच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, म्हणून अख्ख्या धावपट्टीवर आधी तेच दिसत. पण खेळाडूचा बूट स्पर्धेपुरता असतो, तुमचा रोजचा. निऑनची रंगद्रव्यं उन्हात लवकर विटतात. दुपारी बाइक उन्हात लावून बूट डिकीवर वाळत घालणाऱ्यांनी निऑनच्या वाटेला जाऊ नये.

कापडाबद्दल थोडक्यात. आपल्या वसंतात कॅनव्हास किंवा विणलेलं जाळीदार पॉलिएस्टर, एवढेच दोन पर्याय मला पटतात. पॉलिएस्टरवर रंग जास्त टिकतो, कॅनव्हासवर तो जास्त गोड दिसतो. स्वेडवरचा रंग सगळ्यात खोल, हे मान्य. पण आपला वसंत जूनमध्ये पावसात संपतो आणि पाण्याचा एक थेंबसुद्धा स्वेडवर खूण सोडतो. स्वेड दिवाळीला घ्या.

माप. रंगाच्या मोहात सर्वांत जास्त चूक होते ती मापातच. हव्या त्या पिवळ्यात आठ नंबर नाही, सात आहे, ‘घालून घालून सैल होईल’ असं म्हणून लोक घेऊन जातात. कॅनव्हास ताणत नाही. उन्हाळ्यात पाय सुजतात, संध्याकाळी जास्तच, म्हणून खरेदी संध्याकाळी करा, घालणार ते मोजे नेऊन करा, दोन्ही पायांत घालून चाला. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर कितीही सुंदर रंग असला तरी परत ठेवा.

रंग ठरवताना कपाट उघडा. बहुतेकांकडे निम्मं कपाट निळं असतं : जीन्स, निळे शर्ट, निळे कुर्ते. निळ्यासमोर पिवळा आणि नारिंगी सर्वांत खुलतात. म्हणून आयुष्यातली पहिली रंगीत जोडी घेणाऱ्याला मी डोळे झाकून बहाव्याचा पिवळा सुचवतो. दुसरी जोडी पळसाची शेंदरी; पांढऱ्या सुती कुर्त्याखाली ती जशी दिसते तसं दुसरं काही दिसत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत, डोंबिवलीत 1999 पासून निघते तशा, हल्ली नऊवारीखाली स्नीकर्स घातलेल्या मुली सर्रास दिसतात. मैलभर चालायचं असतं, बूट हवेतच. पण बऱ्याच जणींच्या पायांत पांढरे असतात. हिरव्या नऊवारीला लाल काठ असेल तर लाल बूट घाला की! काठाचा रंग जमिनीपर्यंत उतरू द्या.

धुण्याबद्दल दोनच गोष्टी. कॅनव्हास साध्या पाण्यात, सौम्य साबणानं धुवा आणि साबण पूर्ण जाईपर्यंत खळखळून काढा; वाळताना येणारे पिवळे डाग बहुतेकदा उरलेल्या साबणाचे असतात. आणि सावलीत वाळवा, आत कोरा कागद कोंबून. वर्तमानपत्र नको, त्याची शाई उतरते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. पॉलियुरेथेनचा, म्हणजे हलक्या फेसाळ प्लॅस्टिकचा, तळ असेल तर दमटपणानं तो काही वर्षांत आतून कुजतो आणि एक दिवस चालता चालता भुगा होऊन पडतो.

मघाशी चिठ्ठीवर एक प्रश्न आला होता, एका आजोबांचा. ते पहाटे पाचला रस्त्यानं फिरायला जातात, गाड्यांना दिसावं म्हणून निऑन बूट घ्यावेत का? काका, उजाडताना निऑन उत्तम दिसतो, कारण न दिसणारे अतिनील किरण शोषून तो ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलतो. पण पूर्ण अंधारात गाडीच्या दिव्याखाली त्याची ती करामत फारशी चालत नाही. तिथे लागते ती चांदीसारखी रिफ्लेक्टिव्ह पट्टी, जी दिव्याचा प्रकाश आला त्याच दिशेला परत पाठवते. दुकानात मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून बुटाच्या टाचेवर मारा. पट्टी लख्ख पेटली तर ती खरी. ती टाचेवर हवी, कारण गाडी मागून येते. मग बूट पिवळा घ्या, शेंदरी घ्या, तुम्हाला आवडेल तो घ्या.