काळं दिसलं की कीडच?

पडद्यावर दोन वरच्या, दोन खालच्या दाढा. फिल्मला लावलेली पट्टी दातांत धरून काढलेला हा एक्स-रे. याला बाईटविंग म्हणतात. दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथली कीड तोंडात डोकावून सहसा दिसत नाही. तिच्यासाठी अमेरिकेतले दंतवैद्य हॉवर्ड रेपर यांनी १९२५ मध्ये ही पद्धत आणली. ती आजही वापरात आहे.

आता खालच्या दाढेची मान बघा. कडेला पाचरीसारखा काळसर डाग. भरायला घ्यायची दाढ? थांबा. दाताच्या माथ्यावर इनॅमलचं कवच, मुळाभोवती जबड्याचं हाड. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात दोन्ही नाहीत. तिथून किरण जास्त आरपार जातात आणि फिल्म काळी उमटते. याचं नाव सर्व्हायकल बर्नआउट. एक्स-रे सोडणाऱ्या नळीचा कोन थोडा बदलून पुन्हा एक्स-रे काढला, तर हा डाग बहुतेक वेळा फिका पडतो किंवा गायब होतो. खरी कीड अशी पळून जात नाही.

दुसरी फसगत डोळ्यांचीच. पांढरंशुभ्र इनॅमल आणि त्याच्या आतला करडा थर, म्हणजे डेंटिन, जिथे मिळतात, तिथे नसलेली काळी रेघ दिसते. हा दृष्टिभ्रम भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये मांडला होता. कागदाच्या तुकड्याने इनॅमल झाका; रेघ नाहीशी झाली तर तो भास.

उलटही घडतं. साधारण ३० ते ४० टक्के खनिज झिजेपर्यंत एक्स-रेवर काहीच उमटत नाही, त्यामुळे दिसते त्यापेक्षा कीड सहसा खोल असते. नळी तिरकी लागली तर शेजारच्या दाढा एकमेकींवर चढतात आणि त्या पांढऱ्या पट्ट्याखाली छोटी कीड झाकली जाते.

सगळ्यात अवघड प्रश्न वेगळाच: कीड लागलेल्या जागी दाताचा पृष्ठभाग फुटलाय का? एक्स-रे ते खात्रीने सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून “डॉक्टर, कीड आहे ना?” विचारणाऱ्यांना म्हणूनच “एकदा येऊन दाखवा” असं उत्तर मिळतं. ते टाळाटाळीचं नसतं. दात वाळवून, उजेडात बघावा लागतो. जुना एक्स-रे असेल तर शेजारी लावतात. डाग इनॅमलपुरताच, पृष्ठभाग शाबूत आणि आकार जैसे थे असेल, तर ड्रिल बाजूला ठेवून फ्लोराइड वार्निश लावतात आणि पुढची तारीख देतात.