शेडखालची भिंत

मे महिन्यातलं नागपूरजवळचं बुटीबोरी. काळ्या मातीला पडलेल्या भेगेत हात मनगटापर्यंत सहज जातो. पावसाळा लागला की हीच माती पाणी पिऊन फुगते आणि वरचं बांधकाम उचलू पाहते. बेसाल्ट झिजून झालेली ही माती कापसाला सोन्यासारखी, पायाला मात्र वैरीण.

इथे एक्स्कॅव्हेटर आणि डोझर ठेवायचं गोदाम उभं राहतंय. लोखंडी शेड तशी हलकी, तिचं वजन कॉलममधून थेट फुटिंगवर, म्हणजे कॉलमच्या पायावर जातं. मशीनचा भार येतो फरशीखालच्या मुरमावर, आणि तो मुरूम धरून ठेवते प्लिंथची, म्हणजे जोत्याची भिंत. वरून येणारं वजन सगळेच मोजतात. बाजूने बसणारा रेटा पुष्कळदा नकाशावर येतच नाही.

हिशेब करून बघू. भरावाची उंची १.२ मीटर. मुरूम घनमीटरला साधारण १.८ टन, आडव्या दाबाचा गुणांक ०.५, म्हणजे वरच्या दाबाचा निम्मा दाब बाजूला बसतो. भिंतीच्या दर मीटर लांबीवर मुरमाचा रेटा येतो सुमारे ६५० किलो. आता फरशीवर चौरस मीटरला ५ टन भार धरा. त्याच भिंतीवर आणखी ३ टन! मुरमापेक्षा मशीनच तिला साडेचार पट जास्त ढकलतं. नऊ इंची विटेची भिंत इथे टिकायची नाही.

म्हणून आरसीसी. सळया नीट बघा, जाड सळया भरावाच्या बाजूला आहेत. माथा मोकळा असलेली भिंत बाहेर झुकू लागली की ताण आतल्या अंगाला येतो. जाळी उलटी बांधली, तर लोखंडाचा खर्च तेवढाच आणि भिंत नुसती नावाला.

पाया काळी माती ओलांडून घट्ट मुरमावर. माती फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा खांब, ज्याचा खालचा फुगा दांड्याच्या साधारण अडीच पट रुंद असतो.

खोदलेली काळी माती आतच ढकलून ट्रकभाडं वाचवायचा मोह ठेकेदाराला होतो. तिथे उभं राहून नाही म्हणावं लागतं. मुरूम २०-२० सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून दाबायचा. भिंतीलगत मोठा रोलर नको, छोटा कॉम्पॅक्टर पुरे. पाणी निघायला वीप होल, म्हणजे भिंतीत ठेवलेली भोकं, त्यामागे गिट्टी.

भिंतीपासून सव्वा मीटरवर फरशीवर पिवळा पट्टा मारतात, मशीन त्याच्या आत उभं करायचं म्हणून. डिझाइन मात्र मशीन भिंतीला खेटून उभं आहे, असंच धरून केलेलं असावं. रात्रपाळीचा ड्रायव्हर पट्टा बघेलच असं नाही.