पेडल घट्ट लागेपर्यंत

"दाब... दाब... दाब. आता धर."

"धरलंय, काका."

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं एक गॅरेज. रात्रीचे साडेदहा. गाडीच्या नुसत्या सांगाड्यात बसलेली मुलगी ब्रेकचं पेडल दाबून धरते. मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले काका निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, जरासा सैल करतात. पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल बाटलीत उतरतं, आणि त्याच्यासोबत मोहरीएवढा एक बुडबुडा. काका निपल आवळतात. "सोड."

हा क्रम चुकायला नको. निपल उघडा असताना पाय सुटला, तर हवा उलटी आत ओढली जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. ऑइल दबत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. हवा दबते. ती नळीत राहिली की पेडल स्पंजासारखं खाली जातं, आणि गाडी थांबत नाही.

मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला रेसिंग टीममध्ये मेकॅनिक व्हायचंय. आजी आधी म्हणाली होती, "एवढं शिकून हात काळेच करायचे?" आता तीच रात्री जेवण झाकून जागी असते.

इंदूरच्या मुलांना पिथमपूरची औद्योगिक वसाहत जवळ आहे, हे मोठं भाग्य. बाहा एसएईइंडिया या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची पहिली फेरी 2007 मध्ये तिथेच झाली. खडकाळ वाटेवर धावणारी, एका चालकाची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधायची. शेवटची शर्यत चार तासांची. पण त्याआधी ब्रेकची परीक्षा. चारही चाकं जाम व्हायलाच हवीत, नाहीतर गाडी शर्यतीत उतरत नाही. वर्षभराची मेहनत त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यापाशी अडते.

फॉर्म्युला वनचे पिट स्टॉप, म्हणजे शर्यतीच्या मध्येच टायर बदलायचे थांबे, आपण मोबाइलवर पाहतो. 2023 मध्ये कतारला मॅक्लारेन टीमने चारही टायर 1.80 सेकंदांत बदलले. त्या वेगामागे अशाच कंटाळवाण्या रात्री असतात, असं आम्हाला इथे आठवडाभर चित्रीकरण करताना सारखं वाटत राहिलं.

वाटा दोन. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड, किंवा डिप्लोमा-डिग्री. आयटीआयच्या मुलाचा हात लवकर बसतो, डिग्रीवाल्याला सेन्सरचे आलेख वाचता येतात. टीमला दोघंही हवेत. पुढे मात्र घर सोडावं लागतं. शर्यतीची सर्किट चेन्नई, कोइम्बतूर, ग्रेटर नोएडाला आहेत. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक अवाढव्य आहे, पण तो गाड्यांच्या चाचणीसाठी.

चाकाचे नट काकांनी आयुष्यभर हाताच्या अंदाजाने आवळले. मुलीने टॉर्क रेंच आणला. ठरलेल्या जोरावर तो 'कट्' असा वाजतो, की थांबायचं. कमी आवळला तर नट सुटतो, जास्त आवळला तर आटे जातात. काकांनी पहिल्या दिवशी तो हातात तोलून पाहिला. म्हणाले, "बरं आहे हे. रात्री अकराला माझा हात सकाळइतका खरा बोलत नाही."

आवळलेल्या प्रत्येक नटावरून ती पिवळ्या रंगाची रेघ ओढते, नटापासून हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापर्यंत. नट जागचा हलला, तर रेघ तुटलेली दिसते. मग वहीत वेळ लिहून खाली स्वतःची सही करते. आत बसून गाडी चालवणारा मुलगा तिचा वर्गमित्र आहे.

शेवटचं चाक. नळीत आता नुसतं ऑइल, बुडबुडा नाही.

"पेडल कसंय?"

"एकदम दगड, काका."

काका उठतात, गुडघ्यावर हात टेकून आत वाकतात, आणि स्वतःच्या तळहाताने पेडल एकदा दाबून पाहतात.