आनंद पाच मिनिटांत हरला, दोन तासांत जिंकला

१९९८ साल. विश्वनाथन आनंद, तेव्हा जगात दुसऱ्या क्रमांकावर, विरुद्ध रेबेल १० नावाचा बुद्धिबळाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम. एकूण आठ डाव. त्यातले चार ब्लिट्झ, म्हणजे झटपट: प्रत्येकी पाच मिनिटं, वर दर चालीला पाच सेकंद. रेबेल ३-१. पंधरा मिनिटांचे दोन डाव, तेही रेबेलचेच, दीड विरुद्ध अर्धा. राहिले दोन, चाळीस चालींना दोन तासवाले. तिथे आनंद दीड, रेबेल अर्धा!

खेळणारे तेच. बदललं ते घड्याळ.

आता रेटिंगमध्ये, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यात, बघू. एलो या रेटिंग काढायच्या पद्धतीत ७५ टक्के गुण मिळवणारा समोरच्यापेक्षा साधारण १९० पॉइंटांनी वर धरला जातो. ब्लिट्झमध्ये रेबेलला ७५ टक्के, लांब डावांत आनंदला ७५ टक्के. म्हणजे आनंद १९० खाली होता तो १९० वर गेला. ३८० चा फरक! अर्थात, सहा डावांचा हिशोब आहे हा, आकडा फार ताणू नका.

मग जास्त वेळ मिळाला तर मशीन सुधारत नाही का? सुधारतं की. पण एका स्थितीत तीस-पस्तीस चाली शक्य असतात. नको त्या फांद्या हुशारीने छाटल्या, तरी जुन्या पद्धतीने एक चाल आणखी पुढचं बघायला पाच-सहापट वेळ जायचा. त्या काळचा ढोबळ अंदाज असा, की वेळ दुप्पट केला तर ५०-७० पॉइंट वाढतात.

माणसाचं वेगळं. चांगल्या खेळाडूला बरी चाल दोन सेकंदांत सुचते. वेळ लागतो ती तपासायला. घोडा उचलला, ठेवला, घड्याळ दाबलं, आणि मग दिसतं की त्याच घोड्यामागे आपला वजीर लपला होता. गेला वजीर! (माझे असे किती गेलेत, विचारू नका.) मशीनला ही चूक एका सेकंदातही होत नाही. म्हणून वेळ कापला की जास्त नुकसान आपलं.

मग तुमचं ब्लिट्झ रेटिंग क्लासिकलपेक्षा (लांब डावांच्या रेटिंगपेक्षा) शेकडो पॉइंटांनी खाली का नसतं? कारण समोरचाही घाईतच वजीर घालवतोय. रेटिंग खेळाचा दर्जा मोजत नाही, समोरच्याशी असलेला फरक मोजतं. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, याद्याही म्हणूनच वेगळ्या; रॅपिड (ब्लिट्झपेक्षा थोडे लांब डाव) आणि ब्लिट्झच्या २०१२ पासून.

आणि आजची इंजिनं, म्हणजे बुद्धिबळाचे प्रोग्रॅम? दोन इंजिनं समोरासमोर बसवा, दोघांनाही भरपूर वेळ द्या, डाव बहुतेक बरोबरीत सुटतो. कोणी हरतच नाही, तर पॉइंट वाढणार कुठून?