विंचवाच्या नांगीचा फुगा

[पुस्तकाचं दुकान. मोठ्या आकाराचं एक पुस्तक काउंटरवर ठेवलं जातं.]

"मुलगा कितवीत आहे?" दुकानदारानं विचारलं. मुलगाबिलगा नाही, मलाच वाचायचंय, असं म्हटल्यावर तो हसला आणि पुस्तक उलटंपालटं करून पाहू लागला. चित्रं आणि बोलण्याचे फुगे. पुस्तक सापडलंही बालविभागात. त्याचं तरी काय चुकलं?

पुस्तक होतं 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं. २०११ साली दिल्लीच्या नवयाना प्रकाशनानं काढलेलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. हे दांपत्य मध्य प्रदेशातलं, परधान गोंड आदिवासी.

त्यातली एक गोष्ट आपल्याच मातीतली. साल १९०१ च्या सुमाराचं. खटाव तालुक्यातल्या गोरेगावी दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, आणि रामजी सकपाळ तिथं खजिनदार होते. सुट्टीत वडिलांकडे जायचं म्हणून भीमराव आणि बरोबरची मुलं सातार्‍याहून निघाली. अंगात नवे शिवलेले सदरे, रेशीमकाठी धोतरं. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणीच नाही. पत्र पोचलं होतं. शिपाई ते द्यायला विसरला होता. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली, तुम्ही कोण? महार, असं भीमरावानं पटकन सांगून टाकलं, आणि मास्तरांचा चेहरा झर्रकन बदलला.

गाडीवान तयार झाला तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. तो बाजूनं चालणार. डब्यात जेवण भरपूर होतं, पण पाणी नव्हतं. टोलनाक्यावर मागितलं, तेही मिळालं नाही. जेवण जवळ असून मुलं उपाशी झोपली.

हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत. साधी, कोरडी वाक्यं. त्यात एक शब्द वाढवावा असं काही नाही. मग चित्रांनी वेगळं काय केलं?

[पान. कॅमेरा हळूहळू एका फुग्याजवळ जातो.]

हा फुगा बघा. पक्ष्याच्या आकाराचा आहे. ज्यांनी सोसलं त्यांचं, किंवा मायेचं बोलणं यात येतं. आता हा दुसरा. याला शेपूट आहे, आणि शेपटीला विंचवाची नांगी. जातीचं विष असलेलं बोलणं या फुग्यात. आतली अक्षरं वाचायच्या आधीच डोळ्याला कळतं, हे डसणार. लिहिलेल्या वाक्यावरून आपण सरसर पुढं जातो. इथं नांगी नजर अडवून धरते.

[कॅमेरा मागे येतो. पूर्ण पान.]

आणि चौकटी? कॉमिक्समध्ये असतात तशा इथं नाहीत. व्याम दांपत्यानं सुरुवातीलाच बजावलं होतं की माणसं डब्यात कोंबणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. चौकटींच्या जागी वळणं घेत जाते ती डिगना, गोंडांच्या घरात भिंतींवर आणि जमिनीवर काढतात ती नक्षी. अस्पृश्यतेची गोष्ट सांगताना माणसांभोवती रेघ ओढायलाच नकार द्यायचा! पुस्तकातल्या कुठल्याही संवादापेक्षा मला हे मोठं वाटतं. संवाद अधूनमधून धड्यासारखे झालेत. बसथांब्यावरची ती आरक्षणाची चर्चा तर मी, खरं सांगतो, भरभर उलटली.

[रात्र. समईच्या उजेडात चित्रांची पोथी.]

चित्रं आली की ते पोरांचं, हे आपल्याकडे कधीपासून? कुडाळजवळ पिंगुळीला या. इथले ठाकर चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी समोर धरतात आणि वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात. एक चित्र सरकलं की कथा पुढं. समोर सगळं गाव, थोरामोठ्यांसकट. २०२१ मध्ये इथल्याच परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली.

बाहेरच्या देशांतही गोंधळ हाच. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' या चित्रकथेत नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीतून वाचलेल्या आपल्या वडिलांची कहाणी ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजरं करून चितारली. १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर मिळालं. २०२२ मध्ये अमेरिकेत टेनेसीतल्या एका शाळा मंडळानं तीच कहाणी आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकली. शिव्या आहेत, नग्न चित्र आहे, मुलांच्या योग्य नाही, म्हणून! आपला दुकानदार तिथं असता, तर त्यानं ती कुठल्या कपाटात ठेवली असती?

[पुन्हा 'भीमायन'. महाडचं पान.]

हे महाड, १९२७. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बाबासाहेब बोलतायत. समोर माणसंच माणसं. लाउडस्पीकर नीट बघा. त्यांतून आवाजाच्या रेघा येत नाहीयेत. पाण्याच्या झारीसारखे झालेत ते, आणि पाणी गर्दीवर पडतंय.

[आवाज थांबतो. चित्र काही क्षण तसंच.]