वरचा गंधक, खालचं ऊन

सुरुवात दोन ज्वालामुखींपासून करू. मे १९८०मध्ये अमेरिकेतला माउंट सेंट हेलेन्स फुटला. डोंगराची एक बाजूच ढासळली, राख दूरवर जाऊन पडली, छायाचित्रं जगभर पोहोचली. पृथ्वीच्या तापमानावर मात्र त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. दोन वर्षांनी मेक्सिकोतला एल चिचोन फुटला. हे नाव तोवर फारसं कुणी ऐकलंही नव्हतं. पण त्यातून सुमारे ७० लाख टन सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू, आकाशात गेला, सेंट हेलेन्सच्या कित्येक पट, आणि त्याचा पडदा पृथ्वीभोवती पसरला. स्फोट किती भयंकर दिसला यावर काही ठरत नाही. राख लवकर खाली बसते. तापमानावर परिणाम करतो तो गंधक, आणि तोही पुरेसा उंच गेला तरच.

उंचीचं एवढं महत्त्व का? आपल्या डोक्यावरच्या पहिल्या थरात, तपांबरात, ढग आहेत, पाऊस आहे. तिथे गेलेला गंधक आठवड्याभरात धुऊन निघतो. त्याच्यावर स्थितांबर. तिथे पाऊसच नाही, त्यामुळे विषुववृत्ताजवळ वर चढलेले कण साधारण वर्षभर टिकतात. कारखाने, वीजकेंद्रं आणि जहाजं मिळून एका वर्षात जेवढा गंधक सोडतात, तेवढा गेल्या शंभर वर्षांतल्या एकाही उद्रेकाने स्थितांबरात सोडलेला नाही. पण कारखान्यांचा हा गंधक खालीच राहतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा.

वर गेलेला वायू स्वतः ऊन अडवत नाही. महिन्याभरात त्यातल्या बहुतेक भागाचं सल्फ्युरिक आम्ल होतं, ते पाण्याची वाफ ओढून घेतं आणि बारीक थेंब तयार होतात. त्यात साधारण तीन हिस्से आम्ल आणि एक हिस्सा पाणी. थेंबाची जाडी एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण शंभरावा भाग. हे माप फार मोलाचं आहे. ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळ जातं, म्हणून थेंब ऊन जोरात विखुरतो आणि त्यातला काही भाग अवकाशात परत जातो. जमिनीतून निघणारी उष्णता असते अवरक्त किरणांच्या रूपात. त्यांची तरंगलांबी वीसेक पट मोठी, त्यामुळे ती बरीचशी या थेंबांना चुकवून निघून जाते. येणारं कमी झालं, जाणारं फारसं अडलं नाही; खालचा भाग थंड होतो.

हे सगळं एकदा फार स्वच्छ पाहायला मिळालं. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड, ३५ किलोमीटरपर्यंत चढलेला लोट आणि तीनेक आठवड्यांत पृथ्वीला पूर्ण वेढा. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी १९९२मध्ये गणित मांडून सांगितलं, की जागतिक तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरेल. तसंच झालं. आधी सांगितलं, मग मोजलं, आणि दोन्ही जुळलं. हवामानशास्त्रावर विश्वास का ठेवायचा असं कुणी विचारलं, तर मी हेच उदाहरण देते. काही वर्षांत कण खाली आले आणि तापमान पुन्हा वर चढलं.

पण त्याच काळात आणखीही काही घडलं. थेंबांच्या पृष्ठभागावर क्लोरीनच्या रासायनिक क्रियांना बळ मिळालं आणि ओझोन घटला. ऊन कमी म्हणजे बाष्पीभवन कमी. १९९२मध्ये जगातल्या जमिनीवरचा पाऊस ठळकपणे उतरला. आइसलँडच्या लाकी ज्वालामुखीने १७८३मध्ये महिनोन्‌महिने गंधक ओकला, त्यानंतर आफ्रिकेतला मोसमी पाऊस मंदावला आणि नाईलचं पाणी घटलं. सरासरी तापमान हा एक आकडा. पाऊस पडतो तो ठिकाणाठिकाणी.

मग पृथ्वी थंड करायला असा गंधक आपणच मुद्दाम स्थितांबरात फवारायचा का? सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेल्या पॉल क्रुट्झन यांनी २००६मध्ये तिच्यावर गंभीरपणे लिहिलं. क्रुट्झन यांना ती आवडत नव्हती. कार्बन कमी करायला जग तयार दिसत नव्हतं, म्हणून ते तिच्याकडे वळले. त्यांची ती अस्वस्थता मला पटते. उपाय मात्र नाही पटत, आणि माझं कारण मुदतीचं आहे. कण टिकतो वर्षभर. कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं हवेत राहतो. म्हणजे एकदा सुरू केलं की दरवर्षी फवारत राहायचं, युद्ध होवो, सरकारं बदलोत, पैसे संपोत. मध्येच थांबलं, तर दबून राहिलेली सगळी तापमानवाढ थोड्याच वर्षांत अंगावर येईल, आणि त्या वेगाशी जुळवून घेणं जंगलांना आणि शेतीला जमणार नाही. समुद्राचं पाणी कार्बनमुळे आम्लधर्मी होत चाललंय, ते तर यातून जराही थांबत नाही.

शिवाय दुप्पट गंधक घातला म्हणजे दुप्पट थंडावा, असंही नाही. दाटी झाली की थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात. मोठा थेंब तेवढ्याच गंधकात ऊन कमी विखुरतो आणि लवकर खाली येतो.

म्हणून फवारणीच्या आधी मोजणी हवी. पिनाटुबोनंतर सेज-२ हे उपग्रहावरचं उपकरण सूर्यकिरण कणांच्या थरातून जाताना किती मंदावतात ते पाहत होतं. उष्ण कटिबंधावर थर इतका दाट होता, की किरण पलीकडे पोहोचतच नव्हते. नेमक्या सर्वांत महत्त्वाच्या महिन्यांच्या नोंदीत तिथे पोकळी राहिली. थेंब सुरुवातीला किती झपाट्याने वाढतात हे पुढच्या मोठ्या उद्रेकात नीट पकडायचं असेल, तर कण मोजणारे फुगे आधीच तयार ठेवावे लागतील आणि पहिल्या काही आठवड्यांतच वर सोडावे लागतील.