फ्रान्समध्ये उमरावपद विकत मिळायचं!

नमस्कार मंडळी. शाळेतला फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आठवतोय? त्यासोबत एक व्यंगचित्र हमखास दाखवतात. वाकलेला म्हातारा शेतकरी आणि त्याच्या पाठीवर बसलेले दोघं, एक पाद्री आणि एक उमराव.

(स्क्रीनवर: १७८९ चं व्यंगचित्र)

चित्र झकास आहे, वाद नाही. तेव्हा फ्रेंच समाजाचे तीन वर्ग मानायचे: पहिला पाद्र्यांचा, दुसरा उमरावांचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. पण ते बघून आपण ठरवून टाकतो की वरचे दोघं श्रीमंत आणि खालचा गरीब. प्रत्यक्षात साखर आणि गुलामांच्या व्यापारात गब्बर झालेला नांत बंदरातला व्यापारी तिसऱ्या वर्गातच होता. आणि त्याच ब्रिटनी प्रांतात असेही उमराव होते, ज्यांच्याकडे कमरेची तलवार सोडली तर मिरवण्यासारखं काही नव्हतं. ते दुसऱ्या वर्गात!

कारण वर्ग ठरायचा तो पैशावर नाही, हक्कांवर. कोणता कर माफ, खटला कुठल्या कोर्टात चालणार, तलवार कुणी बाळगायची, असल्या गोष्टींवर. १७८९ मध्ये फ्रान्सची लोकसंख्या होती साधारण २ कोटी ८० लाख. त्यात पाद्री, जोगिणी, मठवासी मिळून सव्वा लाखाच्या आसपास. उमराव किती, यावर इतिहासकार अजून भांडतात; सव्वा लाखापासून साडेतीन लाखांपर्यंत अंदाज आहेत. उरलेले सगळे तिसरा वर्ग. म्हणजे वकील, सावकार, डॉक्टर, सुतार, मोलकरीण, शेतमजूर, सगळे एकाच खान्यात. आता हा काय वर्ग झाला का?

पहिल्या वर्गापासून सुरुवात करू. गंमत बघा, या वर्गात कुणी जन्माला येत नसे. पाद्री लग्न करत नाहीत, त्यामुळे माणसं यायची ती बाकीच्या दोन वर्गांतून, आणि येताना आपापला दर्जा सोबत घेऊन यायची. १७८९ मध्ये बिशपच्या खुर्च्यांवर जवळजवळ सगळे उमराव घराण्यातले होते. स्ट्रासबर्गचे बिशप, कार्डिनल रोहाँ, यांचं वर्षाचं उत्पन्न काही लाख लिव्रचं (लिव्र म्हणजे तेव्हाचं फ्रेंच चलन). आणि गावच्या साध्या पाद्र्याचं? १७८६ मध्ये किमान वेतन वाढवून ७०० लिव्र केलं, तेही वर्षाला. देशातली साधारण दहा टक्के जमीन चर्चची होती. वर शेतकऱ्याच्या पिकातून दशांश वसूल व्हायचा, पण कित्येक गावांत तो गावच्या पाद्र्याच्या हाती न पडता लांबच्या एखाद्या मठाकडे किंवा बिशपकडे जायचा. राजाला मात्र चर्च कर देत नसे. दर काही वर्षांनी ‘ऐच्छिक देणगी’ द्यायचं, आणि किती द्यायची ते स्वतःच ठरवायचं. हा गावचा पाद्री लक्षात ठेवा, तो पुढे खेळ उलटवणार आहे.

आता दुसरा वर्ग, म्हणजे व्हिडिओचं शीर्षक. राजाला पैशाची कायम चणचण. त्यामुळे सरकारी पदं विकायची रीत पडली होती. १६०४ पासून तर दरवर्षी पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा भरला की ते पद मुलाला वारसाहक्काने देता यायचं. ‘राजाचा सचिव’ नावाचं एक पद होतं. काम नावापुरतं, किंमत भरमसाट. पण वीस वर्षं सांभाळलं, किंवा त्या पदावर असताना मेलात, तरी घराणं कायमचं उमराव! लोक या पदाला चेष्टेने ‘गावंढळांचा साबण’ म्हणायचे. मूळ धुऊन निघतं ना.

जुन्या घराण्यांना हे झोंबणारच. १७८१ मध्ये नियम आला की लष्करात थेट अधिकारी व्हायचं तर वडिलांकडून चार पिढ्यांची उमरावी सिद्ध करा. आपल्याला वाटेल हा सामान्यांना दिलेला धक्का. माझ्या मते खरा नेम होता तो साबण लावून आलेल्या नव्या श्रीमंतांवर.

आणि तिसरा वर्ग? थेट कर, म्हणजे ‘ताय’, मुख्यतः शेतकऱ्यावर. पण पॅरिससारखी कित्येक शहरंही त्यातून सुटलेली होती, म्हणजे सवलतींचा मेवा तिसऱ्या वर्गातले शहरी लोकही खात होते. पीठ दळायचं जमीनदाराच्याच गिरणीत, पाव भाजायचा त्याच्याच भट्टीत, आणि दोन्हीकडे मोबदला द्यायचा. त्यात मिठाचा कर, गॅबेल! उत्तरेच्या मोठ्या पट्ट्यात आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण साडेतीन किलो मीठ सरकारी कोठारातून घेणं सक्तीचं. तेही फक्त स्वयंपाकासाठी. त्यातलं मीठ डुकराचं मांस खारवायला वापरलं तर गुन्हा! शेजारच्या ब्रिटनीत मात्र हा करच नाही, तिथे मीठ कितीतरी पटींनी स्वस्त. मग काय, चोरटा व्यापार जोरात. लोकांनी कुत्र्यांना शिकवून त्यांच्या अंगावर मीठ बांधून सीमा पार करवली. माणूस पकडला गेला तर सक्तमजुरीची शिक्षा होऊ शकत होती.

मे १७८९. तिजोरी रिकामी, म्हणून १६१४ नंतर पहिल्यांदाच तिन्ही वर्गांची सभा व्हर्सायला भरली. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी दुप्पट केले होते, पण मतं वर्गवार, म्हणजे प्रत्येक वर्गाला एकच मत असं मोजली तर दोन विरुद्ध एक, हार पक्की. आठवडे वादात गेले. १३ जूनला प्वातू प्रांतातले तीन गावपाद्री उठले आणि तिसऱ्या वर्गात येऊन बसले. मागोमाग आणखी आले. पहिल्या वर्गाच्या प्रतिनिधींत बहुसंख्य गावपाद्रीच होते, बिशप नव्हेत. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा घोषित केलं, दोन दिवसांनी पाद्र्यांनी थोडक्या बहुमताने त्यांच्याकडे जायचं ठरवलं, आणि २७ जूनला राजाने नाइलाजाने सगळ्यांना एकत्र बसायला सांगितलं.

४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले, असं पुस्तकात असतं. अर्धंच खरं. दशांश गेला, करमाफी गेली, पदांची विक्री थांबली. पण जमिनीवरची बरीच देणी शेतकऱ्याने एकरकमी पैसे मोजून सोडवून घ्यायची होती. सभेत तिसऱ्या वर्गाच्या नावाने बसलेले बहुतेक वकील आणि सरकारी पदं धारण करणारे होते, शेतकरी बोटांवर मोजण्याइतके, आणि मालमत्तेचा हक्क या मंडळींना पवित्र वाटत होता. ती देणी भरपाईशिवाय पुरती रद्द व्हायला जुलै १७९३ उजाडला. तोवर खेड्यापाड्यांत शेतकऱ्यांनी ती भरायचं जवळपास बंदच केलं होतं.